पाखरांना पाठ झालेलं गाणं

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लक्षात आलं, की पाखरांना आमचं गाणं पाठ झालंय.

लक्षात आणून दिलं ते सुबाना काकांनी. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आमच्या ‘सिदोबा ब्रास बँड’चे क्लॅरनेटवाले. वय सत्तरीच्या घरात, पण कान अजून तिखट. आम्ही राळ्याच्या पिकाभोवती गोल उभं राहून वरातीचं गाणं वाजवलं, थाटात संपवलं आणि वाद्यं खाली ठेवली. येशा ढोलाला टेकून बिडी शिलगावतोय तोच बांधावरच्या बाभळीवरून चार-पाचशे पाखरांचा लोंढा सरळ राळ्यात उतरला.

“थांबा,” काका म्हणाले. “परत वाजवा.”

“सगळं?”

“न्हाय. निस्ता शेवट.”

आम्ही आधी हाळ्या मारून, ढेकळं फेकून पाखरं उठवली. ती बाभळीवर जाऊन बसली. मग मी ट्रंपेट तोंडाला लावून शेवटची उंच तान घेतली आणि येशानं त्यावर ढोलाचे तीन ठोके दिले. तिसरा ठोका पडतोय न पडतोय तोच सगळी बाभळ हलली आणि पाखरं खाली आली. पंगत बसली म्हणून कुणी हाक मारल्यासारखी.

“आयला!” येशाची बिडी ओठातून गळून पडली. “ह्यांनी आपलं गाणं पाठ केलं की रं!”

“गाणं न्हाय, शेवट,” काका म्हणाले. “बँड थांबला की माणसं च्या प्यायला बसत्यात, हे कळलंय त्यास्नी. शेवट म्हंजे जेवाय चला.”

येशाला हसू आवरेना. पोटाला ढोल बांधलेला, त्यामुळे त्याच्या हसण्याबरोबर ढोलही गदगदत होता. मीही तोंडाचा आ केला. हसलं नाही ते फक्त माझी बायको हौसा. ती साडीचा काष्टा मारून राळ्याच्या ओळीतून पळत होती, दोन्ही हातांनी ढेकळं भिरकावत होती, तोंड उघडून ओरडत होती. आणि तिच्या तोंडातून आवाज येत नव्हता. आम्ही यायच्या आधी चार दिवस ती एकटीच पहाटेपासून हाळ्या मारत होती. घसा पार बसला होता. नुसतं उघडं तोंड आणि मानेच्या ताणलेल्या शिरा. ते मला बघवेना.

आता बँडवाले लोक शेतात काय करत होते, ते सांगतो.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची, आमच्या माणदेशातल्या कुरणवाडीची. पितृपंधरवडा चालू होता. गणपती बुडवून झालेले आणि पंधरा दिवस मंगल काही नाही, म्हणून बँड खुंटीला. आमचं रान सगळं मिळून एक एकर, तेही माळाचं. त्याच्यावर डाळिंबाच्या एका बागाईतदाराची नजर होती. तो दहा वर्षांच्या करारानं रान मागत होता आणि मी मनातून कधीच देऊन बसलो होतो. येणाऱ्या पैशांत मला बँडसाठी रोषणाईची गाडी घ्यायची होती. शेजारच्या गावच्या बँडकडे तशी होती आणि तिच्यापायी आमची दोन लग्नं हातची गेली होती.

हौसाचं म्हणणं वेगळं होतं. “हितं प्यायला पाणी न्हाय, त्याच्या डाळिंबाला कुठलं आणणार? खोल बोर मारंल, आपली हीर सुकवंल आन् दहा वर्सांनी दगडं परत दील. आवं, राळा करूया. त्याला दोन पावसं बास हुत्यात.”

राळा! तो मी लहानपणी कधीतरी संक्रांतीच्या आदल्या दिवशी खाल्लेला. पिवळे, मोहरीएवढे दाणे. पूर्वी प्रत्येकाच्या बाजरीत त्याच्या दोन-चार ओळी असायच्या, पण रेशनचा गहू-तांदूळ आला आणि पंचक्रोशीतून राळा गेला. हौसाच्या मावशीकडे फुलपात्रभर बी होतं, ते ती माहेराहून पदरात बांधून घेऊन आली. मी थट्टेत म्हणालो, “चार गुंठ्यांत पेर. एक पायली राळा घरात आला तर सगळं एकर तुझं. न्हाय आला तर डाळिंब.” पायली म्हणजे चार शेर. चार गुंठ्यांत त्याच्या कितीतरी पट यायला हवं, त्यामुळे ती लगेच हो म्हणाली. चारचौघांत बोली झाली.

पीक आलंही झकास. वीतभर कणसं, माना टाकून लोंबायला लागली. पण आसपासच्या वीस गावांत पिकलेला राळा तेवढाच होता. सगळ्या मुलखातली पाखरं त्या चार गुंठ्यांवर आली. हौसा गोफण घेऊन एकटी नाचत राहिली, लोक रस्त्यावरून बघून हसत राहिले, आणि पाचव्या दिवशी मी बँड घेऊन शेतात गेलो. गावात केवढा बोलबाला झाला. बायकोसाठी बँड लावला म्हणून लोकांनी माझी पाठ थोपटली.

तर तिसऱ्या दिवसाची ती सकाळ. हौसा दमून बांधावर बसली होती आणि पाखरं कणसांवर झोके घेत होती. बहुतेक दाणा गेला होता, राहिला तो जेमतेम पायलीभर. कणसं पिवळी पडली होती, पण देठ अजून हिरवे होते. कापायला दोन दिवस होते.

मी म्हणालो, “काका, गाणं वाजवायचंच नाही. प्रत्येकानं आपापलं वाजवायचं. एकानं थांबायचं तेव्हा दुसऱ्यानं चालू ठेवायचं. शेवटच येऊ द्यायचा नाही.”

“म्हंजे बेसूर?”

“बेसूर.”

काकांनी क्लॅरनेट छातीशी धरलं. “पन्नास वर्सं वाजवतोय मी. माझ्या बाच्या मयताला बी सुरात वाजवलं.”

हौसा उठली. काकांपुढं येऊन उभी राहिली आणि हात जोडून त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. काकांनी क्लॅरनेट खाली ठेवलं. मग त्यांनी पटक्याचं टोक फाडलं, दोन बोळे केले, आपल्याच कानांत कोंबले आणि म्हणाले, “वाजवा लेको, काय वाजवायचं ती.”

तो गोंधळ काय सांगू! येशा लग्नाचा ठेका धरतोय, मी आरती, काका भलतंच, झांजवाला त्याला सुचेल तसं. रस्त्यानं जाणारी म्हैस दावं तोडून पळाली. पण पाखरं बिचकली! शेवट कुठं येतोय याची वाट बघत बाभळीवर बसून राहिली. दोघं वाजवायचे, चौघं बसायचे, पाळीपाळीनं. तो दिवस निभावला, दुसराही निभावला. हौसा प्रत्येकाला चहा आणून द्यायची आणि चालताना पोरीसारखी उड्या मारायची. मला आमच्या लग्नातली हौसा आठवली.

कापणीची सकाळ उजाडली. हौसा आणि शेजारची इठाबाई विळे घेऊन राळ्यात शिरल्या. एका टोकाला जाड कापडाचं तळवट अंथरलं होतं. कणसं कापायची, त्याच्यावर टाकायची, वरून चादर ओढायची. तासाभराचं काम. आमचा गोंधळ रंगात आला होता, आणि तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली.

जीपमधून पांढरे कपडे घातलेले दोघे उतरले. पुढं होते ते पिंपरीचे तात्यासाहेब खरमाटे, मागं त्यांचे मेहुणे. तात्यासाहेबांच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर होतं. पाच दिवसांचा सोहळा, दोन हजार माणूस. एवढी मोठी सुपारी आमच्या बँडला बापजन्मात मिळाली नव्हती. त्यांना निरोप मीच धाडला होता, पण ते पितर उठल्यावर येतील असं धरून चाललो होतो.

मी हात वर केला. येशाचा ढोल तेवढा चालू राहिला.

“काय हो हे?” तात्यासाहेबांनी कानावर हात ठेवले. “घरी गेलो तर म्हणाले बँड रानात आहे. हा बँड आहे?”

“तात्यासाहेब, हे पाखरांसाठी चाललंय.”

“आणि माणसांसाठी काय वाजवता? बोलणी पितर उठल्यावर करू, आज नुसतं ऐकायला आलोय. एक गाणं होऊ द्या. सगळे मिळून, नीट. मला पुढं आणखी एक बँड ऐकायचाय.”

मी राळ्याकडे बघितलं. चौथा हिस्सासुद्धा कापून झाला नव्हता. बाभळीवर पाखरं दाटीवाटीनं बसली होती. त्यातली काही माना वाकड्या करून आमच्याकडेच बघत होती, असं मला तरी वाटलं.

“सगळ्यांनी,” मी म्हणालो. “वरातीचं.”

काकांनी कानातले बोळे काढून फेकले. दोन दिवसांची भूक भागवायची असल्यासारखं त्यांचं क्लॅरनेट उठलं. येशानं ठेका धरला, मी तोंड लावलं, आणि देवाशपथ सांगतो, तसं आम्ही ना आधी कधी वाजवलं ना नंतर. माळावर, वाऱ्यात, सकाळच्या उन्हात ते गाणं असं चढलं की तात्यासाहेबांचे मेहुणे बोटांनी ताल धरायला लागले. तात्यासाहेब हसले. सुपारी आमचीच होती. मला ते दिसत होतं.

आणि शेवट जवळ आला.

मी हौसाकडे बघितलं. तीही सरळ उभी राहिली होती. हातात विळा, दुसऱ्या हातात कणसांची मूठ, पुढं निम्म्याहून जास्त राळा उभा. तिनं खूण केली नाही, हात जोडले नाहीत. फक्त बघत राहिली. माझी शेवटची तान ओठावर आली होती. येशानं पहिल्या ठोक्यासाठी टिपरू वर उचललं.

मी तान घेतली नाही. वळलो आणि मुखडा परत सुरू केला.

येशाचं टिपरू हवेतच राहिलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, बाभळीकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की काय सांगू! ठेका धरला त्यानं. काकांनी डोळे मिटले आणि ते माझ्या मागून आले. हौसा खाली वाकली. विळा सपासप चालायला लागला.

गाणं सहा मिनिटांचं. दुसऱ्यांदा शेवट आला, मी परत फिरलो. तात्यासाहेबांनी टाळी वाजवायला उचललेले हात खाली केले. तिसऱ्यांदा त्यांनी मेहुण्याकडं बघितलं. चौथ्यांदा ते ओरडले, “अहो, छान आहे! पुरे आता!” माझ्या तोंडात ट्रंपेट, उत्तर कसं देणार? डोळ्यांनी विनवत राहिलो. बाभळीवर पाखरं अस्वस्थ झाली होती. दर वेळी शेवट जवळ आला की पंख उघडायची आणि मी फिरलो की मिटायची. इकडं तात्यासाहेबांचंही तेच चाललं होतं.

पाचव्या वेळेला हौसा धावत बांधावर आली. तात्यासाहेबांच्या पाया पडली आणि काही सांगायला लागली. पण घशातून नुसती हवा निघत होती, आणि आमच्या दणदणाटात तीही ऐकू येणं शक्य नव्हतं. तात्यासाहेब मागं सरकले. “काय म्हणते ही बाई? बँड आहे का वेड्यांचा बाजार! लग्नात असं केलं तर मंगलाष्टका व्हायच्या कधी?” एवढं मला ऐकू आलं, कारण ते माझ्या कानाशी येऊनच ओरडले. मग जीपचं दार आपटलं. धुरळा उठला. सुपारी रस्त्यानं निघून जाताना मी पाहत होतो आणि वाजवत होतो.

सातव्या वेळेला ओठ फाटला. रक्ताची चव लागली. काका थांबले, त्यांना धाप लागली होती. दोन ओळी दम घेऊन परत आले. येशा घामानं निथळत होता, पण ओरडत होता, “दादा, हाण! हाण! अजून दोन वळी!” नवव्या वेळेला हौसानं शेवटची मूठ तळवटावर टाकली, चादर ओढली आणि दोन्ही हात वर केले.

मग मी शेवट घेतला. अशी तान मी आयुष्यात लावली नाही. तीन ठोके पडले आणि पाखरांचा अख्खा ढग मोकळ्या धसकटांत उतरला. सांडलेले दाणे होते, ते त्यांचेच. आम्ही सगळे जमिनीवर आडवे पडून हसत होतो, इठाबाई रडत होती, आणि काका म्हणत होते, “नऊ बारी! नऊ बारी वाजवलं, पण सुरात!”

दोन दिवस कणसं वाळवली, बडवली, उफणली. दाणे पोत्यावर पसरले तेव्हा ओटा पिवळा दिसायला लागला. पायली आणली होती, पण हौसानं माप हातात घेतलं नाही. तिनं आधी सूप घेतलं, दाण्यांतून भरून काढलं आणि उखळाशी गेली.

“आगं, आधी माप कर,” इठाबाई म्हणाली. “बोली झालीया.”

हौसाचा आवाज थोडा परतला होता, घोगरा. “आधी राखणदाराचा घास. आमच्यात तसंच असतंय. ज्यांनी राखलं त्यांनी आधी खायाचं, मग माप.”

तिनं सडून, पाखडून भात शिजवला. वर दूध आणि गूळ. आम्ही सहाजण ओट्यावर बसलो आणि तिनं प्रत्येकाच्या हातात दोन-दोन घास दिले. गरम, मऊ, थोडा खमंग, आणि दाणा दाणा जिभेवर वेगळा. काकांनी डोळे मिटून खाल्लं. “माझी आई करायची,” एवढंच म्हणाले आणि पटक्यानं तोंड पुसलं. येशा बोटं चाटत होता. माझ्या हातात घास तसाच राहिला. फाटलेल्या ओठाला गूळ झोंबतोय, असं मी सांगितलं.

मग हौसा शेराच्या मापानं पायली भरायला बसली. एक शेर. दोन. तीन. चौथा भरायला लागली तशी सगळ्यांनी माना पुढं केल्या. दाणे निम्म्यापर्यंत आले आणि पोतं रिकामं झालं. तिनं पोतं झटकलं, कोपरे उलटे केले. अर्धा शेर कमी.

“वैनी!” येशा ओरडला. “आमी खाल्लं तेवढंच कमी पडलं! आवं, घास नंतर द्यायचा की!”

“राखणदाराचं पयलं,” ती म्हणाली. तिनं पायली बाजूला सरकवली आणि माझ्याकडं बघितलं. “न्हाय भरली. बोली ती बोली. बोलवा तुमच्या डाळिंबवाल्याला.”

एकेक जण उठून गेला. ओट्यावर आम्ही दोघंच राहिलो आणि माझ्या हातातला तो घास.

“हौसे,” मी म्हणालो, “हा घास माझा न्हाय.”

ती रिकाम्या पोत्याची घडी घालत होती.

“पाखरं शेवटाला उतरत्यात हे बाकीच्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो न्हाय. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बारकी गाणी घेतली. सारखा शेवट यावा म्हणून. मला ती गाडी हवी होती गं. तिसऱ्या दिवशी तुझं बिनआवाजाचं तोंड बघितलं, तेव्हा कुठं ते बेसुराचं काढलं.”

मान वर करायची माझी हिंमत नव्हती. मला वाटलं आता ती पायली डोक्यात घालणार. घातली असती तरी मी हललो नसतो, इतकी लाज वाटत होती.

“ठावं हाय मला,” हौसा म्हणाली.

“काय?”

“दुसऱ्या दिशी एका गाण्याला तुमी दोनदा शेवट वाजवलासा. बँडवाल्याची बायको हाय मी. मला का कळत न्हाय?”

“मग बोलली का न्हाईस? काकांना सांगायचं, गावाला सांगायचं!”

“सांगितलं असतं तर तुमी बँड घेऊन गेला असतासा. मग मी एकटी किती पळणार हुते?” तिनं माझा हात धरला आणि घास माझ्या तोंडाकडं लोटला. “कापणीच्या दिशी तुमी काय करतायसा, ती बघायचं हुतं मला. म्हणून हुबी राहिले. खावा आता. निवतंय.”

मी खाल्लं. इतकं गोड मी जन्मात काही खाल्लं नव्हतं, आणि गिळताना डोळ्यांतून पाणी आलं ते गुळानं झोंबून नव्हे.

ती पायलीतले दाणे सुपात ओतत होती. “आता मी काय मोजू?” ती म्हणाली. “माझी पायली भरली न्हाय, आन् तुमी राखण केली न्हाय. रान कुणाचं, ती तुमीच सांगा.”

“तुझं,” मी म्हणालो.

ओठ सुजलेले होते, त्यामुळे शब्द नीट उमटला नाही. तिनं तो मला तीनदा म्हणायला लावला.